एकवीस मोदकांचा नियम

मंगळवार, २६ ऑगस्ट

आज दोन पत्रे आली. दोन्ही फोनवर, दहा मिनिटांच्या अंतराने.

पहिले मॉरिशसहून, वाक्वा गावच्या शाळेकडून. मराठी शिक्षिकेची जागा रिकामी झाली आहे. कायमची. अर्ज मी चार वर्षांपूर्वी केला होता आणि विसरून गेले होते. दुसरे इथल्या कारखान्याकडून. हळद वाफवण्याची यंत्रे बसवून झाली, पण माणसे तयार व्हायला आणखी वर्ष लागेल. दुभाषी म्हणून राहाल का? दोघांनाही सोमवार, आठ सप्टेंबरपर्यंत उत्तर हवे आहे.

हिंगोलीत येऊन मला साडेपाच महिने झाले. यंत्रे रियुनियन बेटावरून आली, त्यांचे तंत्रज्ञ फ्रेंच बोलतात. कामगार मराठी बोलतात. मी मध्ये उभी राहते. मराठी मी मॉरिशसला, गावच्या बैठकेत शिकले, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, मग विद्यापीठात. घरी आम्ही क्रिओल, म्हणजे तिथली बोली, बोलतो. इथे सगळे म्हणतात, तुम्ही पुस्तकासारखे बोलता. ही तक्रार आहे की कौतुक, हे अजून कळलेले नाही.

माझे नाव कोमल सखाराम. सखाराम हे खापरपणजोबांचे नाव. ते मॉरिशसला उतरले तेव्हा बंदरावरच्या कारकुनाने ते आडनावाच्या रकान्यात लिहिले आणि तिथेच राहिले. इथे लोक म्हणतात, हे नाव झाले, आडनाव सांगा. मी पुन्हा सखाराम म्हणते. मग ते गाव विचारतात. मी कॅस्कावेल म्हणते. मग ते चहा घेणार का विचारतात.

घरमालकीण अनुसूयाकाकू खाली राहतात. काका तहसीलमध्ये कारकून होते. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली. मूलबाळ नाही. माझी वरची खोली काका गेल्यापासून बंद होती. मार्चमध्ये कुलूप उघडताना किल्ली गंजून अडकली. जिन्याखालून काकू म्हणाल्या, “थांब, घाई नको करू. उघडेल.” तेव्हाच त्या मला ‘तू’ म्हणाल्या.

पत्रांचे त्यांना अजून सांगितलेले नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. काकूंचा गणपती वीतभर उंच, शाडूचा. आरती मी चुकले नाही, याचे काकूंना आश्चर्य वाटले. आमच्याकडेही हाच गणपती, म्हटले, फक्त दीड दिवसाचा, आणि त्याला समुद्रात नेतात. समुद्रात म्हणजे खाऱ्या पाण्यात, असे म्हणून त्यांनी मूर्तीकडे पाहिले. बहुधा त्यांना त्याची काळजी वाटली.

दूर्वा ठेवताना मी देवघरातला एक छोटा स्टीलचा डबा सरकवला. आत काहीतरी वाजले, सुपारी वाजते तसे.

“खाली ठेव! खाली ठेव!” काकू ओरडल्या.

त्यात मागच्या अनंत चतुर्दशीचा मोदक होता. जुन्या बाजारामागच्या गल्लीत एक नवसाचा गणपती आहे. चतुर्दशीला तिथे रांग लागते. देवाच्या पायाशी ठेवलेला एक तळलेला मोदक प्रत्येकाला मिळतो. तो हातात घेऊन मनात एक इच्छा धरायची आणि मोदक घरी न्यायचा. खायचा नाही. इच्छा पुरी झाली तर पुढच्या चतुर्दशीला तो आणि सोबत एकवीस मोदक देवाला परत द्यायचे. पुरी झाली नाही तर डबा तसाच ठेवायचा.

“आणि काय मागितलं ते बोलायचं नाही. बोललं की गेलं.”

मी हे वहीच्या मागच्या पानांवर लिहिले. तिथे मी इथल्या रीती लिहून ठेवते.

“काय लिहून राहिलीस?”

“रीत.”

“लिही, लिही. कुणीतरी लिहायला पाहिजे. आता कुणाच्या लक्षात राहतं?”

ही रीत सव्विसावी. पंचविसावी अशी: मंगळवारी सामान हलवत नाहीत. तीही काकूंनीच सांगितली, खालून ओरडून, मी खोलीतला पलंग खिडकीकडे सरकवत होते तेव्हा.

सोमवार, १ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचे जेवण. सोळा भाज्या. मी सोळा मोजल्या, मग काकूंनी सांगितले की चटणी वेगळी धरतात.

महालक्ष्म्यांना बांगड्या भरायला दरवर्षी खतीजाबी येतात. मागच्या भिंतीपलीकडे त्यांचे घर आहे आणि पुढच्या गल्लीत बांगड्यांचे दुकान. चाळीस वर्षे या घरच्या महालक्ष्म्यांचा चुडा त्यांच्या हातचा. देवीच्या पितळी हातात बांगडी चढवताना त्या तिला म्हणाल्या, “हात ढिला सोड, बाई.” सवयीने. मी त्यांना खाला म्हणते.

जेवताना मी पत्रांचे सांगितले.

“कायमची म्हणजे?” काकूंनी विचारले.

“कायमची म्हणजे निवृत्तीपर्यंत.”

“चांगलंच झालं की,” काकू म्हणाल्या आणि मला भोपळ्याची भाजी वाढली. थोड्या वेळाने पुन्हा वाढली. मग पुन्हा. मी भोपळा खात नाही, हे त्यांना माहीत आहे.

खाला दाराशी खुर्चीवर पान हातात घेऊन बसल्या होत्या. “तिकडं समुद्र हाय ना?”

“चारही बाजूंनी.”

“मग रोज उठून समुद्रच बघायचा. दुसरं काय बघणार?”

“खतीजे, तुझं काय चाललंय? पोरीची नोकरी आहे.”

“मी कुठं काय बोलले? समुद्राचं विचारलं.”

रात्री काकूंनी एक रीत सांगितली. आठ तारखेला पितृपक्ष लागतो. त्यात नवे काम धरत नाहीत.

“मग इथे आणखी एक वर्ष राहायचे ठरवले तर तेही चालणार नाही?”

“राहणं हे नवीन कुठंय?” काकू म्हणाल्या. “राहणं तर चालूच आहे.”

बरोबर वाटले. लिहिली. सत्तावीस.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज ईद. सकाळी खालांकडून खिरीचे भांडे आले. उद्या विसर्जन, म्हणून ईदचा जुलूस पुढे ढकलला आहे. गल्लीत हिरव्या कागदी पताका लागल्या आहेत. त्यांच्या खालून उद्या गणपती जाणार.

मी ठरवू शकत नाही. इथे मी काय आहे ते मला सांगता येत नाही. कारखान्यात मी दुसऱ्यांचे बोलणे इकडून तिकडे नेते. संध्याकाळी घरी येते. काकू विचारतात, काय झाले आज. मी सांगते. त्या म्हणतात, मग तो साहेब काय म्हणाला? त्यापुढे काही नाही. यासाठी कोणी कायमची नोकरी सोडते का? वाक्वाला मी कोण हे सगळ्यांना माहीत असेल. भाऊ रोज फोन करतो. घराला रंग द्यायला काढला आहे, माझ्या खोलीला कोणता हवा, विचारतो. मी कालपासून रंग सांगितलेला नाही.

दुपारी खाला आल्या आणि ओट्याशी बसून खोबरे किसू लागल्या. काकूंनी कणीक मळली. एकवीस मोदक करायचे होते.

म्हणजे काकूंची इच्छा पुरी झाली आहे! मला हे कळायला संध्याकाळ झाली. मग मी मनात यादी केली. गुडघा दुखतो तो दुखतोच. जिना चढत नाहीत, मार्चपासून एकदाही वर आलेल्या नाहीत. नळाला पाणी चार दिवसांनी येते. शेजाऱ्याची भिंत अजून यांच्या अंगणात आहे. काका परत येण्यासारखे नाहीत. वर्षभरात या घरात काहीच बदललेले नाही.

“खाला, काकूंनी काय मागितले होते, तुम्हाला माहीत आहे?”

“चाळीस साल झाले, बेटी. तिच्या वरणात मीठ कवा जास्त पडतं ते बी मला माहीत हाय.”

“कवा पडतं?” काकूंनी विचारले.

“तू रागात असली की.”

“आणि आज?”

“आज गोडाचं हाय, वाचलो.” खालांनी किसणी आपटली. मग माझ्याकडे बघत राहिल्या. “बोलायचं नसतं ना ते. न्हाई तर सांगितलं असतं.”

मीही दोन मोदक वळले. दोन्ही तेलात उकलले. सारण बाहेर येऊन जळले. काकूंनी झाऱ्याने काढून बाजूला ठेवले. “उद्या चल आमच्याबरोबर. तूपण मोदक घे.”

“मी जाणार असेन तर?”

“घ्यायला काय तकलीफ हाय?” खाला म्हणाल्या. “हात पुढं करायचा.”

“पण परत द्यायला यावे लागेल. पुढच्या वर्षी.”

दोघी किसलेल्या खोबऱ्याकडे बघत होत्या. माझे बोलणे कदाचित ऐकू गेले नसावे, तेल तडतडत होते.

शनिवार, ६ सप्टेंबर

कारखान्याला सुट्टी. अकराला रांगेत भेटायचे ठरले होते. मी सातलाच बाहेर पडले. साडेपाच महिन्यांत मी या गावात फक्त घर आणि कारखान्याची जीप एवढेच चालले आहे. जायचेच असेल तर गाव एकदा पायांनी पाहावे, असे वाटले.

रिसाला बाजार. पलटण. तोफखाना. पेन्शनपुरा. पाट्यांवर हीच नावे. निजामाच्या काळात इथे छावणी होती. घोडदळ गेले, तोफा गेल्या, पेन्शन घेणारे गेले. आता रिसाल्यात रिक्षा उभ्या असतात आणि तोफखान्यात एक पिठाची गिरणी आहे. नावे कोणी बदलली नाहीत. मला हे आवडले. माझ्याकडेही गेलेल्या माणसाचे नाव आहे आणि मी तेच वापरते.

पाऊस नव्हता. ऊन होते. गिरणीच्या दारात पिठाने पांढरा झालेला माणूस होता. त्याने विचारले, “मॉरिशसवाल्या बाई ना?” मी हो म्हटले. “आज पायीच?” म्हणाला. मी पुन्हा हो म्हटले. त्याचे समाधान झाले.

गांधी चौकाच्या अलीकडे ट्रॅक्टर सजवत होते. झेंडूच्या माळा चाकांनाही. एका हॉटेलात पोहे खाल्ले. पोह्यांवर तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, हवी का, असे विचारले. मी विचार करेपर्यंत घातली. डोळ्यांतून पाणी आले. मालक म्हणाला, “लागली का? आता जिलेबी खा.” खाल्ली. बरे वाटले. बाहेर बाकावर मी अर्धा तास नुसती बसले. शेजारी दोन म्हातारे एका म्हशीबद्दल भांडत होते. म्हैस तिथे नव्हती. विकली त्यालाही चार वर्षे झाली असावीत. मी शेवटपर्यंत ऐकले. सगळे कळले, एकही शब्द अडला नाही. उठताना हे लक्षात आले.

गल्लीत पोचले तेव्हा रांग वळून बाजारापर्यंत आली होती. खालांनी जागा धरली होती. काकूंना खालांनी घरून स्टूल आणून दिले होते. रांग पुढे सरकली की खाला स्टूल पुढे ढकलत आणि काकू त्यावर बसत.

“राणीसाहेब चालल्या,” खाला म्हणाल्या.

“तू ढकल. बोलू नको.”

आमच्या पुढे धुरपताबाई नावाच्या बाई होत्या, कनेरगाव नाक्याहून आलेल्या. हातात एकवीस मोदकांचा डबा. नवस फेडायला आल्या होत्या. मी विचारले, काय मागितले होते हे आता सांगता येते का.

“आता काय, आता तं फेडूनच ऱ्हायले. सून बोलत नव्हती माझ्याशी. दोन वरीस. एका घरात. म्हटलं देवा, तिला माझ्याशी बोलू दे.”

“मग?”

“बोलली ना. तवापासून थांबलीच न्हाई.” त्यांनी डब्यावर हात ठेवला. “आता दुसरा मोदक घ्यावा का, ह्याचा इचार करून ऱ्हायले.”

रांग हसली. काकूही हसल्या. म्हणजे फेडल्यावर सांगता येते, ही माहिती मला नवी होती. मी काकूंना हळूच विचारले, तुम्ही फेडल्यावर सांगाल का.

“माझं अर्धंच झालंय,” काकू म्हणाल्या. “अर्धं राहिलंय.”

अर्ध्या नवसाला एकवीस मोदक कसे, हे मी विचारले नाही. कदाचित पुढे कमी लागतात.

मांडवात मोदक वाटणारे बंडू म्हणून आहेत. चाळिशीचे, कपाळाला गुलाल. काकूंनी आपला सुकलेला मोदक आणि एकवीस मोदक देवापुढे ठेवले. हात जोडले. बराच वेळ जोडून राहिल्या. मग त्यांनी मला पुढे केले. “घे. आणि नीट माग.”

बंडूंनी माझ्या ओंजळीत मोदक ठेवला. मी डोळे मिटले. काय मागावे हे मला आठवेना. नोकऱ्या दोन होत्या. घरी सगळे बरे होते. पोट भरलेले होते. मागे खाला काकूंना म्हणत होत्या की स्टुलाचा पाय हलतो. मला वाटले, हे ठीक आहे. एवढेच वाटले. आणि मी मोदक खाल्ला.

आमच्याकडे प्रसाद हातात आला की पाय उचलण्याआधी तोंडात घालतात. तो घेऊन चालू लागणे हा अपमान. लहानपणी यासाठी मार खाल्ला आहे. हात आपोआप वर गेला. मोदक कडक होता. मोठा आवाज झाला.

“अगं! अगं! अगं!” कोणीतरी ओरडले.

“बाईनं नवस खाल्ला!”

मी चावायची थांबले. तोंडात अर्धा होता. थुंकणे शक्य नव्हते. गिळला.

“गोड हाय का?” धुरपताबाईंनी विचारले.

एवढे हसणे मी या गावात आधी ऐकले नव्हते. बंडू म्हणाले, “पंचवीस वर्षं वाटून राहिलो, असं कोणी केलं न्हाई.” मी म्हटले, मला दुसरा द्या. “माणशी एकच, मॅडम.”

काकू हसत नव्हत्या. त्या स्टुलावर बसल्या आणि रिकाम्या डब्याचे झाकण लावत राहिल्या. लागले होते तरी लावत राहिल्या. देवाचा एवढा मोठा अपमान झाला, त्यांच्या आणलेल्या माणसाकडून. मी क्षमा मागितली.

“काही होत न्हाई, काकू,” बंडू त्यांना म्हणाले. “शेवटी प्रसादच तो. खाल्ला तं खाल्ला. विषय संपला.”

“संपला कसा?” खाला पुढे आल्या. “बंडू, तू गप बस. खाल्ला त्याला पुढच्या साली एकवीस आणावे लागतात.”

“असं कुठं—”

“तुझ्या बापाच्या वेळचं हाय हे. तुझा बाप माझ्या दुकानातून तुझ्या आईला बांगड्या नेत होता, तवापासूनचं. तू पाळण्यात होता.”

बंडूंनी पुढच्या माणसाच्या ओंजळीत मोदक ठेवला.

“इच्छा पुरी होवो की न होवो?” मी विचारले.

“खाल्ला ना? मग आणायचेच. बराबर की न्हाई, अनुसूया?”

काकूंनी मान वर केली. खालांकडे पाहिले, मग माझ्याकडे. “बराबर,” त्या म्हणाल्या. त्या कधी बराबर म्हणत नाहीत. “स्वतःच्या हातानं आणायचे. कुरिअर चालत नाही.”

“आमच्याकडं बी असंच हाय,” धुरपताबाई म्हणाल्या. मघाशी नवसाचे बोलताना ही रीत त्यांनी सांगितली नव्हती. पण रांगेत सगळेच कुठे आठवते?

संध्याकाळी आम्ही खालांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मिरवणूक पाहिली. गणपती उंच होते, पताका खाली होत्या. अय्याज नावाचे खालांचे पुतणे दोन गडी घेऊन उभे होते, लांब बांबूंच्या टोकाला दोन फाट्यांचे दुबेळके बांधलेले. गणपती आला की ते बांबूने पताकांची दोरी उचलून धरत. गणपती खालून जाई. मग दोरी हळूच खाली सोडत. एकही पताका फाटली नाही. दरवेळी काकू श्वास रोखून धरत. कयाधू नदीला किती पाणी आहे, याची आता त्यांना काळजी होती.

आमचा समुद्र यापुढे मोठा आहे. पण तिथे दोरी कोणाला उचलावी लागत नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

ग्रहण आहे. काकूंनी साडेबारालाच जेवायला लावले. नंतर पाणीसुद्धा नाही. मी दुपारी गुपचूप पाणी प्यायले.

सकाळी बाजारात बंडू भेटले. मांडवाचे कापड घडी करत होते. म्हणाले, “मॅडम, ते एकवीसचं मनावर घेऊ नका. असं काही न्हाई. मी सगळ्यांना विचारलं.” मी आभार मानले. बंडू मंडळात पंचवीस वर्षे आहेत. काकू आणि खाला इथे चाळीस वर्षे आहेत. काकूंचे धरावे.

चारला बँकेतले एक जोडपे आले. मी जाणार असले तर खोली हवी, असे त्यांनी कोणाकडून ऐकले होते. वरून मला बोलणे ऐकू आले. काकू म्हणाल्या, खोलीला फार ओल आहे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, लहान मूल असेल तर विचारच करू नका. ते गेले. मी चारही भिंतींना हात लावून पाहिला. ओल नाही.

भावाचा फोन आला. रंग विचारला. उद्या सांगते म्हटले.

मग मी वहीची मागची पाने काढली आणि सगळ्या रीती ओळीने वाचल्या. आता एकतीस झाल्या आहेत. मंगळवारी सामान हलवत नाहीत. शनिवारी उत्तरेला निघत नाहीत. महालक्ष्म्या बसल्या की घरचे माणूस बाहेरगावी जात नाही. पितृपक्षात नवे काम नाही. नवरात्रात घट सोडून जायचे नाही. दसऱ्याला आलेल्या माणसाने दिवाळी केल्याशिवाय निघायचे नाही. तुळशीचे लग्न पाहिलेल्याने संक्रांतीचा तीळ घेतल्याशिवाय जाऊ नये. मोदक खाणाऱ्याने एकवीस आणावे.

वाचून झाल्यावर लक्षात आले की या गावातून बाहेर पडायला वर्षात एकही दिवस मोकळा नाही. लोक कसे जातात, कोण जाणे.

सोमवार, ८ सप्टेंबर

सकाळी सातला जिन्यावर पाऊल वाजले. एक पायरी, मग थांबणे. मग दुसरी. काकू वर येत होत्या. मी धावत जाऊन हात धरला. “सोड, येते मी,” म्हणाल्या. पलंगावर बसल्या. खोली सगळीकडून पाहिली. काकांचे टेबल मी खिडकीशी ठेवले आहे, त्यावर त्यांनी हात फिरवला.

“कोमल, उत्तर दिलंस का?”

“अजून नाही.”

“जा तू. कायमची नोकरी आहे. अशा नोकरीला कुणी नाही म्हणतं का? तहसीलमध्ये यांना कायम व्हायला नऊ वर्षं लागली होती.” त्या गुडघा चोळत होत्या. “त्या एकवीस मोदकांची काळजी करू नको. तुझ्या नावानं मी देईन.”

“स्वतःच्या हाताने आणायचे असतात.”

“खतीजा काहीही बोलते.”

“तुम्हीही बोललात. कुरिअर चालत नाही.”

“मीपण काहीही बोलते.”

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर शेजाऱ्याची भिंत आहे, बघण्यासारखे काही नाही. मी वही काढून मागचे पान दाखवले.

“हे बघा. एकतीस. शाईने लिहिली आहे.”

काकूंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. वाचली. मग वरच्याही वाचल्या, पहिल्या पानापर्यंत मागे जात. खूप वेळ लागला. एका ठिकाणी त्यांना हसू आले, ते त्यांनी पदराने पुसले. दुसऱ्या एका ठिकाणी थांबल्या आणि पुन्हा वाचली. मग वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

“हे सगळं मी सांगितलं?”

“बहुतेक.”

“आणि तू सगळं खरं धरलंस.”

“तुम्ही सांगितले म्हणून लिहिले,” मी म्हटले.

मी त्यांच्यासमोरच दोन्ही उत्तरे लिहिली. कारखान्याला एका ओळीचे. शाळेला मोठे. तिथल्या मुख्याध्यापिका कॅस्कावेलच्याच आहेत. त्यांना लिहिले की एका गणपतीचे राहिले आहे, ते दिल्याशिवाय निघता येत नाही. त्यांना हे समजेल. जागा माझ्यासाठी थांबणार नाही, हेही मला समजले आहे. पाठवल्यावर मी फोन उपडा ठेवला. मग भूक लागली.

भावाला कळवले, रंग तुला आवडेल तो दे.

काकू उठल्या. भिंतीला हात लावून दारापर्यंत गेल्या. तिथे थांबून त्यांनी तो हात पाहिला, कोरडा आहे का.

“काय मागितलं होतंस, ते तरी सांग.”

“बोलायचे नसते.”

“हो. ते खरं,” काकू म्हणाल्या. काहीच मागितले नव्हते, हे मी त्यांना सांगितले नाही.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खाली पोचल्या तशा त्या मागच्या दारी गेल्या आणि भिंतीपलीकडे हाक मारली.

“खतीजे! खोबरं घेऊन ये गं!”

“आत्ता?” खालांचा आवाज आला. “अजून साल हाय की!”

“मोदक वळताना तिचा हात पाहिलास का तू? साल पुरायचं नाही.”